सात संघटना, एक बातमी-जाळं: पाया कशावर घालायचा?

दुष्काळी_पट्टा

मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सात संघटना एकत्र येत आहेत: ऊसतोड कामगार, शेतमजूर, आशा-गटप्रवर्तक, वनहक्क, भटके-विमुक्त, विद्यार्थी आणि अंधश्रद्धाविरोधी काम करणारा एक गट. सगळ्यांची फेसबुक पानं वेगळी, यूट्यूब वेगळं, व्हॉट्सअॅप गट मिळून दोनशेच्या वर. एका तालुक्यात मोर्चा अडवला तर शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्रसंघटनेला दोन दिवसांनी कळतं. तोवर ‘भाड्याने आणलेली माणसं’ हा मजकूर पारापारावर पोचलेला असतो.

हाताशी आहेत वर्षाला दीड लाख रुपये, अर्धवेळ काम करणारे दोघं आणि दर संघटनेकडून दोन-दोन जण. काहींचा आग्रह आहे की स्वतःचं अॅप काढू, काहींना मास्टोडॉन (ट्विटरसारखं) आणि पीअरट्यूब (यूट्यूबसारखं) हवंय, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी मुक्त साधनं. पान अचानक बंद झालं तर काय करायचं, मालकी कुणाच्या नावावर ठेवायची, आणि परदेशातल्या मराठी मित्रांनी देऊ केलेले पैसे घ्यायचे का, यावरही एकमत नाही. जाणकारांनी सांगावं.

खिळेजुळारी

अॅप आधी डोक्यातून काढा. लोक नवं अॅप टाकत नाहीत, टाकलं तर फोन भरला की पहिलं तेच काढतात. शिवाय दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ते सुधारलं नाही तर प्ले स्टोअर नव्या फोनांना ते दाखवणं बंद करतं. म्हणजे कायमचा एक प्रोग्रामर पोसायचा, आणि स्टोअरवरून काढलं की सगळंच संपलं.

स्वतःच्या मालकीची अशी जागा एकच, ती म्हणजे डोमेन नाव. बाकी सगळं भाड्याचं घर. म्हणून मूळ बातमी नेहमी आपल्या संकेतस्थळावर टाका आणि तिथून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅपवर पाठवा. उलटं केलंत तर काय होतं ते शेतकरी आंदोलनात दिसलं. २० डिसेंबर २०२० ला किसान एकता मोर्चाचं फेसबुक पान काही तास गायब झालं. कंपनीचं म्हणणं, हालचाल एकदम वाढल्यामुळे यंत्रणेने ते स्पॅम समजलं. १ फेब्रुवारी २०२१ ला सरकारी आदेशावरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती भारतात दिसेनाशी केली, त्यात किसान एकता मोर्चाचं खातं आणि एक इंग्रजी मासिकही होतं. त्याच संध्याकाळी परत आली खरी, पण तो दिवस गेला.

संकेतस्थळ स्थिर पानांचं करा. ह्यूगोसारखं साधन मजकुराच्या फायलींतून तयार पानं बनवतं. डेटाबेस नाही, त्यामुळे तो फोडण्याचा प्रश्नच नाही, आणि पाचशे बातम्यांचा सगळा पसारा पेनड्राइव्हवर मावतो. मुख्य फायदा पुढे आहे: ही पूर्ण प्रत सातही संघटनांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर दर तासाला आपोआप उतरवून ठेवता येते. एक बंद पडलं तरी सहा उभी. इंडीमीडिया या चळवळींच्या बातमी-जाळ्याचं उदाहरण याच्या उलट आहे. १९९९ साली सिएटलमध्ये सुरू झालेलं ते जाळं जगभर पसरलं, पण अनेक शहरांची संकेतस्थळं लंडनमधल्या मोजक्या सर्व्हरांवर होती. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकन आदेशावरून होस्टिंग कंपनीने त्यांच्या डिस्का दिल्या आणि वीसहून जास्त स्थळं एका दमात गेली. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांचा मजकूर गेला तो गेलाच.

डोमेन पाच वर्षांसाठी घ्या. नूतनीकरण विसरल्यामुळे जितकी पानं बंद पडतात तितकी कुणा सरकारमुळे पडत नाहीत. दुसरं नाव वेगळ्या शेवटाचं, वेगळ्या विक्रेत्याकडून घेऊन ठेवा आणि ते पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्राच्या तळाशी छापा. आपल्याकडे इंटरनेट कंपन्या बहुतेक वेळा नावावरून अडवतात, सर्व्हरच्या पत्त्यावरून नाही. त्यामुळे सर्व्हर बदलून उपयोग होत नाही, दुसरं नाव लोकांना आधीच माहीत असावं लागतं. डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) मुदत ३०० सेकंद ठेवा, म्हणजे सर्व्हर हलवायची वेळ आली तर पाच-दहा मिनिटांत फिरवता येतो. ती दिवसभराची असेल तर तेवढा वेळ लोक जुन्या पत्त्यावर धडकत राहतात.

खर्च: दोन कोअर, ४ जीबीचा सर्व्हर महिना हजाराच्या आसपास म्हणजे वर्षाला बारा हजार, दोन डोमेनचे तीन हजार, २ टीबीच्या दोन डिस्का बारा हजार. उरलेल्या १,२३,००० पैकी १,२०,००० दोघांच्या मानधनाला, महिना पाच-पाच हजार. यात चित्रफितींचा स्वतंत्र सर्व्हर बसत नाही, आणि आग्रहही धरू नका.

रफार

खिळेजुळारींशी सहमत. एक राहिलं, आणि मराठीत इथेच जास्त घोळ होतो.

संघटनांची जुनी पत्रकं, ठराव, अंक हे सगळं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या जुन्या फॉन्टात असतं. ते चिकटवलं की संकेतस्थळावर खिचडी दिसते, आणि पीडीएफ टाकली तर शोधात सापडत नाही. परिवर्तक वापरून युनिकोड करा, पण तपासल्याशिवाय छापू नका. चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र मोडून भलतंच काही होतं. हे तीन शोधले तरी बऱ्याच चुका सापडतात.

बातमीच्या दुव्यात देवनागरी ठेवू नका. दुवा कॉपी केला की प्रत्येक अक्षर आणि मात्रा नऊ-नऊ रोमन चिन्हांत बदलते. ‘शेतकरी’ या एका शब्दाची चोपन्न चिन्हं होतात. असा वीतभर लांब दुवा मध्येच तुटतो आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. तारीख आणि दोन रोमन शब्द, बस.

चित्रावर मजकूर छापून फिरवायची सवय आहे, ती सुटणार नाही. पण तोच मजकूर खाली अक्षरांतही द्या. चित्रातला मजकूर शोधात येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तो वाचता येत नाही.

मुक्त_प्रवाह

अॅप नको हे मान्य, पण पीअरट्यूब इतक्या सहज मोडीत काढू नका. दर संघटनेचा वेगळा सर्व्हर असला तरी ते एकमेकांच्या चित्रफिती दाखवतात, आणि तुम्हाला ‘सामायिक’ म्हणून तेच तर हवंय. मास्टोडॉनवर नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवरच्या एका वकिलाचं खातं बंद झाल्यावर भारतातून झुंबड उडाली होतीच.

खिळेजुळारी

उडाली होती, आणि काही आठवड्यांत बरेच जण परत ट्विटरवर दिसायला लागले. कारण साधं: ज्यांच्याशी बोलायचं ते तिथेच होते. मास्टोडॉन ठेवायचंच तर स्वतःचा सर्व्हर न काढता एखाद्या चालू सर्व्हरवर एक खातं ठेवा. स्वतःचा काढलात की दुसऱ्या सर्व्हरांवरची चित्रं साठत जाऊन डिस्क भरते. दर आठवड्याला सात दिवसांपूर्वीची साठवण साफ करणारी आज्ञा लावली नाही तर एका रात्री सगळं ठप्प होतं. आणि सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या नोंदी नाही.

पीअरट्यूबचं गणित बघा. तासाभराची १०८० पी चित्रफीत ५ एमबीपीएसने सव्वादोन जीबी होते. त्यावर ७२० आणि ४८० च्या प्रती धरून चारच्या आसपास. महिन्याला दहा तास चित्रण म्हणजे वर्षाला पाचशे जीबीला टेकलात, आणि आकार बदलताना छोटा सर्व्हर तासन् तास गुंतून पडतो. मोठा धोका दुसराच आहे: पीअरट्यूबमध्ये प्रेक्षकच एकमेकांना चित्रफितीचे तुकडे पुरवतात, आणि त्यासाठी त्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात. कारखान्यावरच्या मुकादमाविरुद्धची चित्रफीत कुणी पाहिली हे दुसऱ्या प्रेक्षकाला कळू शकतं. काढायचंच असेल तर ही देवाणघेवाण सेटिंगमधून आधी बंद करा.

तुमच्या बजेटात यूट्यूब दाखवण्यासाठी, मूळ फायली आपल्या दोन डिस्कांवर, आणि त्या डिस्का दोन वेगळ्या गावांत. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्का म्हणजे एकच डिस्क.

वकिली_टाचण

मालकी आणि पैसा. मोघम बोलत नाही, पण सही करण्याआधी आपल्या वकिलाला दाखवा.

एखाद्या संघटनेच्या नावावर सगळं ठेवू नका. भांडण झालं की डोमेन तिच्याकडे राहतं. शिवाय जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकात संघटना बेकायदेशीर जाहीर झाल्यास तिचा निधी आणि मालमत्ता ताब्यात घेण्याची तरतूद आहे. बातम्यांचं काम आंदोलनाच्या संघटनेपासून कागदावरही वेगळं आणि स्वच्छ असलेलं बरं. न्यास काढलात तर धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. तो राहिला की पुढचे सगळे बदल त्यावर अडतात आणि बँक सही बदलून देत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हिशेब-लेखापरीक्षणाला कडक आहे, पण संचालक बदलणं सोपं. सात भांडकुदळ (प्रेमाने म्हणतोय) संघटनांसाठी दुसरी बरी.

परदेशी देणगी: नको. २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याचं कलम ३ इलेक्ट्रॉनिक मार्गाने दृक्-श्राव्य बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला परदेशी निधी घ्यायलाच मनाई करतं. तिथे नोंदणीचा मार्गही नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मित्राने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे दिलेले पैसे परदेशी धरले जात नाहीत. ओसीआय कार्ड असलेल्याचे (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) धरले जातात, मग तो कितीही अस्सल सांगलीकर असो. म्हणून देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा आणि पासपोर्टची प्रत घ्या. बाकीच्यांना इंग्रजी उपशीर्षकांचं काम द्या. त्याची गरजही आहे.

बंदीचे आदेश दोन वाटांनी येतात. एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ (मजकूर अडवण्याचा सरकारचा अधिकार) आणि त्याखालचे २००९ चे नियम. त्यातला नियम १६ गोपनीयतेचा, त्यामुळे बहुतेकदा तुम्हाला आदेश दिसतच नाही. दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) आणि ‘सहयोग’ या सरकारी पोर्टलची, जिथून कंपन्यांना मजकूर काढायच्या सूचना जातात. तिच्याविरुद्ध एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपनीकडून मजकूर काढल्याचा ईमेल आला तर त्याची पूर्ण प्रत, तारीख, वेळ, दुवा त्याच दिवशी जतन करा. पुढे दाद मागताना हातात तेवढंच असतं. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांतली बातम्यांच्या आचारसंहितेची पोटकलमं ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केली आहेत. तरी तक्रारीसाठी नाव आणि ईमेल पानावर ठेवा, खर्च शून्य.

खिळेजुळारींना एक विरोध. सात ठिकाणच्या प्रती आपोआप उतरवणं तांत्रिकदृष्ट्या छान, पण एखाद्या बातमीवर न्यायालयाचा मनाई हुकूम आला तर ती सातही ठिकाणी आपोआप राहील आणि सातही जण अवमानात अडकतील. बातमीगणिक ‘थांबवा’ अशी खूण लावायची सोय हवी, आणि ती लावायचा अधिकार कुणाला हे लिहून ठेवा.

छापील पत्रिका काढलीत तर ती १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली येते. नोंदणी आधी, अंक नंतर.

रात्रपाळी

सर्व्हर, कायदा झाला. पण अशी जाळी तिथे मरत नाहीत. रात्री दहाला आलेली बातमी कुणी तपासायची हे ठरलेलं नसतं, तिथे मरतात. इंडीमीडियावर कुणीही काहीही टाकू शकत असे. पुढे त्यात जाहिराती आणि द्वेषाचा मजकूर इतका साचला की निवडणारे थकले.

चौदा जणांची पाळी लावा. आठवड्याला दोघं टेबलावर, दोघंही वेगळ्या संघटनांचे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पाहिल्याशिवाय बाहेर जायचं नाही. तातडीच्या बातमीला चाळीस मिनिटं, नाहीतर ‘तपासत आहोत’ अशी एक ओळ. त्यांचा आपसातला गट सिग्नलवर ठेवा. तिथे वापरकर्तानाव असल्याने फोन नंबर लपवता येतो. व्हॉट्सअॅप गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. एक माणूस फुटला की यादी गेली.

गावातून बातमी येताना सहा गोष्टी हव्यात: काय झालं, गाव-तालुका, वेळ (२४ तासांची, ‘सकाळी’ चालणार नाही), स्वतः पाहिलं की ऐकलं, आणखी कोण होतं, आणि मूळ फोटो. फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवला तर दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. उलट बाहेर सोडताना तीच नोंद काढायची आणि चेहरे झाकायचे. झाकण्यासाठी भरीव चौकोन वापरा. हलका धुरकटपणा कधी कधी उलगडता येतो.

जुनी चित्रफीत नव्या नावाने येणं हा रोजचा प्रकार. पाट्या बघा, बसवरचं आगार बघा, गाड्यांचे नंबर बघा. बीडचं म्हणून आलंय आणि एकही गाडी एमएच २३ नाही, तर थांबा. जूनमधली बातमी आणि कपाशीला बोंडं दिसतायत, तरीही थांबा.

मारहाणीचं चित्रण कोर्टात लागणार असेल तर आल्याबरोबर मूळ फाइलचं शा-२५६ मूल्य (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते द्यावंच लागतं. फाइल एकदा जरी संपादन करून त्याच नावाने साठवली तरी मूल्य बदलतं. मूळ फोनही जपा.

वितरण. व्हॉट्सअॅप चॅनल काढा, त्यात वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. पण तो संग्रह समजू नका, तिथला मजकूर कंपनी तीस दिवसच ठेवते. भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पुढे ढकलता येतो, आणि खूप फिरलेला असेल तर एकालाच. म्हणून ‘फॉरवर्ड करा’ म्हणण्यापेक्षा रोज संध्याकाळी सातला एक पाकीट तयार ठेवा: चित्र, साठ शब्द, एक मिनिट आवाज, तीन मिनिटांची चित्रफीत, दुवा. प्रत्येकाने ते आपल्या नावाने, पहिली ओळ आपल्या तालुक्याची लिहून टाकायचं. दोनशे गटांत शब्दशः एकच मजकूर पाच मिनिटांत पडला की यंत्रणा तो स्पॅम धरते, आणि वाचकही.

एसएमएसच्या भानगडीत पडू नका. घाऊक पाठवायला नोंदणी, शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. बातमीचा साचा आधी कसा मंजूर करणार? आणि मराठीत एका संदेशात सत्तरच अक्षरं.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे (ऊसतोडीत बरेच) त्यांच्यासाठी आवाजाची वाट बघा. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरा २०१० पासून गोंडीत हेच करत आलं: माणूस फोन लावतो, पलीकडून कट करून परत फोन येतो, तो निरोप बोलतो, निवडणारे तपासून ऐकवतात. फोन करणाऱ्याला खर्च नाही.

चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच चॅनलवर. गुपचूप खोडलंत तर विरोधकाकडे स्क्रीनशॉट असतोच.

दुष्काळी_पट्टा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. तीन मिनिटांची चित्रफीत किती एमबीची करावी? आणि मोर्चातून थेट प्रक्षेपण नेहमी ऐन भाषणात तुटतं, त्याचं काय?

खिळेजुळारी

३६० पी, एच.२६४ (चित्र दाबण्याची पद्धत), चित्र ४५० आणि आवाज ४८ केबीपीएस: तीन मिनिटं साधारण ११ एमबी. एच.२६५ ने फाइल लहान होते पण जुन्या फोनवर नुसता आवाज येतो. एफएफएमपेग या चित्रफीत बदलण्याच्या मोफत साधनात ‘फास्टस्टार्ट’ लावा, नाहीतर फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहते आणि ब्राउझरवर पाहणाऱ्याला पूर्ण उतरेपर्यंत काही दिसत नाही.

प्रक्षेपण तुटतं कारण मैदानातले सगळे फोन एकाच मनोऱ्यावर लटकलेले असतात आणि वर पाठवण्याची वाट आधी तुंबते. व्यासपीठाच्या मागच्या एखाद्या दुकानाची ब्रॉडबँड जोडणी आदल्या दिवशी बोलून ठेवा, पैसे देऊन. ते नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. दर्जा ७२० पी, २ एमबीपीएस. तासाला ९०० एमबी जातात, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर पावणेदोन तास होण्याआधीच गळा आवळला जातो. दर्जा आपोआप कमी-जास्त होऊ द्या. फोन सावलीत, चार्जिंग चालू ठेवून. उन्हात तापला की कॅमेरा स्वतः बंद होतो.

मोबाइल इंटरनेटच बंद केलं, जसं जानेवारी २०२१ च्या शेवटी सिंघू, टिकरी, गाझीपूरला केलं, तर थेट काही जाणार नाही. तेव्हा दुसरा फोन नुसतं रेकॉर्ड करत असला पाहिजे, आणि कार्ड घेऊन मोटारसायकलवर बंदीच्या हद्दीबाहेर जाणारा माणूस आधी ठरलेला असला पाहिजे. त्याला एकच कार्ड देऊ नका, दोन प्रती करून दोघांना द्या, वेगळ्या रस्त्याने.

वकिली_टाचण

आणि बंदीचा लेखी आदेश मागा. काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अनुराधा भसीन निकालानुसार (जानेवारी २०२०) तो प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.